विल्यम डेम्प्स्टर होर्ड : गव्हाच्या राज्याला गोठ्याकडे वळवणारे गव्हर्नर

विचारलेला प्रश्न असा आहे : अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर विल्यम डेम्प्स्टर होर्ड यांची गणना एकोणिसाव्या शतकातील ‘शेतकरी राजकारण्यां’मध्ये करतात, पण ते मुळात शेतकरी होते की वृत्तपत्र चालवणारे गृहस्थ, आणि विस्कॉन्सिन दुधाचे राज्य झाले याचे श्रेय त्यांना देणे कितपत योग्य आहे? दूध संकलन केंद्रापासून गोठ्यातल्या खुराकाच्या हिशेबापर्यंतची कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि होर्ड यांचा परिचय मला त्या कामातूनच झाला. त्यामुळे हे उत्तर दरबाराच्या बाजूने कमी आणि गोठ्याच्या बाजूने जास्त दिलेले आहे.

काटेकोर हिशेब केला तर दोन्ही बिरुदे त्यांना अपुरी बसतात. विधिमंडळाचे सदस्य ते कधीच नव्हते. गव्हर्नरपद त्यांना १८८९ ते १८९१ असे एकाच मुदतीपुरते मिळाले आणि दुसऱ्या निवडणुकीत ते सपाटून हरले. ज्या शेतावर त्यांचा ग्वर्न्सी या दुधाळ जातीच्या गाईंचा कळप पुढे नावारूपाला आला, ते शेत त्यांनी विकत घेतले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तरीही विस्कॉन्सिनच्या शेतीवर त्यांच्याइतका खोल ठसा उमटवणारा दुसरा लोकप्रतिनिधी मला दिसत नाही. माझ्या मते त्यांची खरी ताकद एकाच गोष्टीत होती : प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या प्रत्येक गाईचा वेगळा जमाखर्च मांडायला लावणे. जिथे त्यांनी हा मार्ग धरला तिथे माणसे वळली, आणि जिथे तो सोडून केवळ कायद्याच्या बळावर माणसे वळवू पाहिली तिथे ती दुरावली. त्यांचे सगळे आयुष्य या दोन मार्गांच्या खुणांनी भरलेले आहे.

होर्ड यांचा जन्म १० ऑक्टोबर १८३६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मॅडिसन परगण्यात झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे फिरते धर्मोपदेशक होते. घरची परिस्थिती बेताची, शाळा जेमतेम. पण तो सगळा टापू दूध, लोणी आणि चीज यांचा होता आणि तरुणपणी शेजारच्या एका जाणत्या दूध उत्पादकाकडे काम करताना गाईची निवड, धारा काढण्याची शिस्त आणि चीज बनवण्याची रीत ते शिकले. १८५७ मध्ये ते विस्कॉन्सिनला आले. तिथे त्यांनी लाकडे तोडली, गायनाचे वर्ग घेतले, व्हायोलिन वाजवले आणि काही काळ धर्मप्रवचनाचाही प्रयत्न केला. यादवी युद्धात ते विस्कॉन्सिनच्या चौथ्या पायदळ पलटणीत भरती झाले; आजारपणामुळे त्यांना सेवेतून सोडण्यात आले, पण बरे झाल्यावर ते न्यूयॉर्कच्या एका तोफखान्यात पुन्हा दाखल झाले.

युद्धानंतर त्यांनी रोपवाटिका आणि हॉप्सचा व्यवसाय केला. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारी वेलीवरची फुले. पूर्वेकडच्या राज्यांत माव्याने हॉप्सचे मळे उद्ध्वस्त केल्यामुळे विस्कॉन्सिनमध्ये १८६५ नंतर या पिकाची अक्षरशः लाट आली होती, आणि १८६८ मध्ये सगळीकडेच पीक आल्यावर भाव कोसळून हजारो घरे कर्जात बुडाली. त्यांत होर्डही होते. ते कर्ज फेडायला त्यांना पुढे बराच काळ लागला. त्यांच्या नंतरच्या लेखनात सट्ट्याच्या पिकाविषयी जी खोल अढी दिसते आणि महिन्याच्या महिन्याला हाती येणाऱ्या रोकड पैशाविषयी जो विश्वास दिसतो, त्याचे मूळ मी या अनुभवात शोधतो.

त्या वेळचे विस्कॉन्सिन कसे होते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काम समजणार नाही. १८४० ते १८८० या काळात अमेरिकेतील सुमारे एक षष्ठांश गहू या एका राज्यात पिकत असे. नवी जमीन फोडायची, गहू पेरायचा, पुढच्या वर्षी पुन्हा गहूच पेरायचा; ना फेरपालट, ना शेणखत. काही वर्षांत जमिनीतले नत्र संपत आले, एकरी उतारा घसरला, चिंच बग नावाच्या ढेकणासारख्या किडीने पिके फस्त केली आणि मिनेसोटा-डाकोटाच्या ताज्या जमिनींतून स्वस्त गहू बाजारात येऊ लागला. शेतकऱ्यापुढे दोनच वाटा होत्या : आणखी पश्चिमेला जाऊन पुन्हा नवी जमीन फोडावी किंवा आहे त्या जमिनीला शेणखत परत द्यावे. दुसरी वाट गाईशिवाय शक्य नव्हती. पण गाय पाळणे, धारा काढणे आणि लोणी काढणे हे बायकांचे काम मानले जात होते. गव्हाचा शेतकरी हंगाम संपला की मोकळा होई, तर गाईचा मालक वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस दोन वेळा गोठ्याला बांधलेला. या विरोधाला केवळ अज्ञान म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. दुधाचा धंदा किती जखडून ठेवतो हे तो करणाऱ्यालाच ठाऊक असते.

मार्च १८७० मध्ये होर्ड यांनी लेक मिल्स या गावी ‘जेफरसन काउंटी युनियन’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १८७३ मध्ये ते फोर्ट ॲटकिन्सनला हलवले. स्थानिक बातम्यांच्या जोडीला त्यांनी दुधाच्या धंद्याचे स्तंभ चालवले. फेब्रुवारी १८७२ मध्ये वॉटरटाउन येथे सात जणांनी एकत्र येऊन विस्कॉन्सिन दूध उत्पादक संघाची स्थापना केली. होर्ड त्या सातांपैकी एक. त्यांच्याबरोबर चेस्टर हेझन होते. त्यांनी १८६४ मध्ये लाडोगा येथे चीजचा कारखाना काढला, तेव्हा लोकांनी त्याला ‘हेझनचे खूळ’ म्हटले होते. पुढे याच गटात वावरलेले शिबॉयगन फॉल्सचे हायरम स्मिथ यांनी विद्यापीठाच्या नियामक मंडळावर राहून दुग्धशास्त्राची बाजू लावून धरली. होर्ड एकटे नव्हते, ही गोष्ट श्रेयाचा प्रश्न विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

संघाने पहिली अडचण ओळखली ती बाजारपेठेची. चीज तयार होत होते, पण उन्हाळ्यात न्यूयॉर्कपर्यंत पोहोचताना ते खराब होई आणि रेल्वेचा दरही जाचक होता. १८७४ च्या सुमारास होर्ड शिकागोत जाऊन मालवाहतूक कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटले आणि बर्फाने थंड ठेवलेल्या डब्यांतून, पौंडाला एक सेंट या दराने, चीज पूर्वेला नेण्याची व्यवस्था त्यांनी घडवून आणली. गोठ्यातली सुधारणा आणि बाजारापर्यंतची गाडी या दोन गोष्टी एकत्र जुळल्या नाहीत तर धंदा उभा राहत नाही, हे त्यांना पहिल्यापासून कळले होते. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात विस्कॉन्सिनच्या चीजला पारितोषिके मिळाली आणि पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांचा दृष्टिकोन बदलू लागला.

१८८५ मध्ये त्यांनी ‘होर्ड्स डेअरीमॅन’ हे केवळ दूध उत्पादकांसाठीचे नियतकालिक काढले. त्यातील त्यांची मांडणी आज साधी वाटेल, पण त्या काळी ती वादाची होती. बहुतेक शेतकऱ्यांना मांस आणि दूध दोन्ही देणारी दुहेरी उपयोगाची गाय हवी असे. होर्ड ठामपणे सांगत की दुधाची गाय वेगळी असते, तिची ठेवण वेगळी, तिचा स्वभाव वेगळा आणि खाल्लेल्या चाऱ्याचे मांस करण्याऐवजी दूध करण्याची तिची प्रवृत्ती वेगळी. ती वंशावळीने निवडावी लागते. हे निव्वळ तत्त्वज्ञान म्हणून कोणी ऐकले नसते. म्हणून त्यांनी ‘गाईंची शिरगणती’ छापायला सुरुवात केली : जाणकार माणूस एका टापूतील गोठ्यागोठ्यांत जाई, प्रत्येकाचा वर्षाचा चाऱ्याचा खर्च आणि क्रीमरीकडून, म्हणजे लोणी काढणाऱ्या कारखान्याकडून, आलेले पैसे लिहून घेई, आणि ती आकडेवारी अंकात येई. एकाच रस्त्यावरच्या, सारख्याच जमिनीच्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाला गाई नफा देत आहेत आणि दुसरा आपल्या गाईंना पदरमोड करून पोसतो आहे, हे छापील आकड्यांत दिसले की वाद घालायला जागा उरत नसे.

ज्याने गोठ्यात काम केले आहे त्याला यातले मर्म लगेच समजेल. दहा गाईंचे दूध एका किटलीत ओतले जाते तेव्हा त्यांतल्या दोन-तीन नुकसानीच्या गाई चांगल्या गाईंच्या आड लपतात. शेतकरी ‘धंद्यात परवडत नाही’ असे म्हणतो, पण धंदा परवडत नसतो तो त्या दोन-तीन गाईंमुळे. प्रत्येक वेताचे दूध, फॅट आणि भाकड काळातला खर्च वेगवेगळा लिहिल्याशिवाय हे उघड होत नाही. होर्ड हे सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी सांगत होते आणि मी आजही गोठ्यांत गेल्यावर पहिल्यांदा वहीच मागतो.

या विचाराला खरे हत्यार मिळाले ते १८९० मध्ये. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी चाचणी शोधली : मोजून घेतलेल्या दुधात गंधकाम्ल घालायचे, त्यामुळे स्निग्धांश सोडून बाकीचे घटक विरघळतात, मग बाटली फिरत्या यंत्रात घालून फिरवायची आणि वर आलेल्या चरबीची उंची बाटलीच्या अरुंद मानेवरील खुणांवर वाचायची. बॅबकॉक यांनी या चाचणीचे पेटंट घेतले नाही. त्याआधी दुधाचे पैसे वजनावर मिळत. त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राही, तर सकस दूध घालणारा प्रामाणिक माणूस तोट्यात. या चाचणीने दोन कामे एकदम केली : केंद्रावरची लबाडी पकडली आणि कोणती गाय ठेवायची, कोणती काढायची हे घरबसल्या कळू लागले. होर्ड यांनी ती आपल्या नियतकालिकातून घरोघर पोहोचवली. जवळपास त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गेर्बर यांनी त्याच तत्त्वावरची दुसरी पद्धत काढली आणि आपल्याकडच्या डेअऱ्यांत जी ब्युटायरोमीटरची (स्निग्धांश मोजणाऱ्या काचनळीची) चाचणी अनेक वर्षे चालत आली ती हीच. महाराष्ट्रातील संकलन केंद्रावर आज इलेक्ट्रॉनिक यंत्र फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवते आणि त्यावरून लिटरचा दर ठरतो. त्या व्यवहाराचा पाया त्या पिढीने घातलेला आहे.

होर्ड यांचे गाईंच्या वागणुकीविषयीचे आग्रह अनेकांना हळवे वाटतात. त्यांच्या गोठ्यात कामगारांसाठी एक सूचना लावलेली होती. तिचा आशय असा की हे मातांचे घर आहे, प्रत्येक गाईला मातेसारखे वागवावे, दूध देणे हे मातृत्वाचेच कार्य आहे आणि धसमुसळेपणाने ते कमी होते, त्यात गाईचे आणि मालकाचे दोघांचेही नुकसान आहे. शरीरशास्त्राने हे पुढे पूर्णपणे खरे ठरवले. कास चोळल्यावर गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक येते आणि ती पान्हा सोडते. ओरडा, मार किंवा अनोळखी माणूस यांमुळे ती घाबरली तर ॲड्रिनॅलिन हे भीतीच्या वेळी स्रवणारे संप्रेरक त्या क्रियेला आड येते आणि आपण म्हणतो की गाय दूध चोरते. ती चोरत नसते, तिला ते सोडता येत नसते. होर्ड यांच्याकडे ही रसायने नव्हती, निरीक्षण मात्र अचूक होते.

आता राजकारणाकडे येतो. शेतकऱ्यांच्या सभांतील त्यांचे वक्तृत्व, विनोदी किस्से आणि राज्यभरातल्या ओळखी यांमुळे १८८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्यांना गव्हर्नरपदासाठी उभे केले. विरोधकांनी ‘जर्सी गाईचा उमेदवार’ म्हणून त्यांची टर उडवली, तीच टोपणओळख त्यांच्या समर्थकांनी अभिमानाने मिरवली आणि ते निवडून आले. जानेवारी १८८९ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १८८९ मध्ये स्थापन झालेला दुग्ध व अन्न आयुक्ताचा विभाग, ज्याच्याकडे भेसळ तपासण्याचे आणि खटले भरण्याचे अधिकार होते. त्या वेळी मलई काढून घेतलेल्या दुधात डुकराची चरबी मिसळून केलेले ‘भरीव चीज’ बाजारात येत होते आणि इंग्लंडमधल्या खरेदीदारांत विस्कॉन्सिनच्या मालाचे नाव खराब होत होते. हा विभाग, १८९५ चा राज्याचा कायदा आणि १८९६ चा संघराज्याचा कायदा यांनी त्या मालाला आळा घातला. धंद्याची पत वाचली ती यामुळे, असे माझे मत आहे.

पण त्यांची कारकीर्द लोकांच्या लक्षात राहिली ती बेनेट कायद्यामुळे. विधिमंडळातील सदस्य मायकेल बेनेट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा एप्रिल १८८९ मध्ये फारशा चर्चेविना मंजूर झाला. सात ते चौदा वयाच्या मुलांना वर्षातून किमान बारा आठवडे शाळेत पाठवणे त्याने सक्तीचे केले, बालमजुरीवर मर्यादा घातल्या आणि वाचन, लेखन, गणित व अमेरिकेचा इतिहास हे विषय जिथे इंग्रजीतून शिकवले जातात तीच शाळा कायद्याच्या दृष्टीने शाळा, असे ठरवले. राज्यात जर्मन लुथरन आणि जर्मन कॅथलिक पंथीयांच्या शेकडो शाळा होत्या आणि त्यांतील पुष्कळ शाळांत शिक्षण जर्मन भाषेतून चाले. त्यांच्या धर्मगुरूंना हा कायदा आपल्या घरात, देवळात आणि भाषेत सरकारने केलेली घुसखोरी वाटला. १८९० च्या मार्चमध्ये कॅथलिक बिशपांनी जाहीर निषेध केला, एप्रिलमध्ये मिलवॉकीच्या महापौरपदी डेमोक्रॅट पक्षाचे जॉर्ज पेक निवडून आले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पेक यांनी होर्ड यांना सुमारे २८ हजार मतांनी हरवले. विधिमंडळही डेमोक्रॅट पक्षाकडे गेले आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला.

होर्ड यांचा हेतू प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. प्रत्येक मुलाला देशाची व्यवहाराची भाषा यावी, नाहीतर ते मूल पुढे बाजारात आणि न्यायालयात फसवले जाईल, असे त्यांना मनापासून वाटे. पक्षातल्या सावध मंडळींचा कल हा विषय मागे ठेवण्याकडे असतानाही त्यांनी तोच प्रचाराच्या मध्यभागी आणला. पण ज्या जर्मन शेतकऱ्यांना त्यांनी वीस वर्षे धीराने आकडे दाखवून गहू सोडायला लावले होते, त्यांच्याच मुलांच्या शाळेविषयी त्यांनी समजावण्याऐवजी फर्मावले. जेफरसन आणि डॉज परगण्यांत जर्मन वस्ती दाट होती. म्हणजे मतदार आणि वाचक बऱ्याच अंशी तेच होते. गाय बदलायला सांगणारा माणूस त्यांना आपला वाटला होता. मुलांच्या शाळेची भाषा ठरवणारा त्यांना परका वाटला.

पराभवानंतर ते कडवट झाले नाहीत, कामाला लागले. नॅशनल डेअरी युनियनचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मार्गारीनविरुद्धची लढाई लढवली. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये शोधलेला हा स्वस्त पदार्थ पिवळा रंग देऊन लोणी म्हणून खपवला जाई. विस्कॉन्सिनने १८९५ मध्ये रंगीत मार्गारीनला बंदी केली आणि १९०२ च्या संघराज्य कायद्याने रंगीत मार्गारीनवर पौंडाला १० सेंट, तर बिनरंगीवर पाव सेंट कर बसवला. इथे मला त्यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. फसवून विकण्यावर बंदी हवीच होती, पण गरिबाच्या ताटातला स्वस्त पदार्थ स्वतःच्या नावाने विकला जात असेल तर त्यावर लोण्याच्या बचावासाठी कर बसवणे हे ग्राहकाचे रक्षण नव्हते, उत्पादकाचे होते. विस्कॉन्सिनमधली ती बंदी १९६७ पर्यंत टिकली, यावरून दूध उत्पादकांचे राजकीय वजन किती वाढले होते हे कळते.

त्या तुलनेत त्यांचे लसूणघास या वैरणीच्या पिकाचे काम मला फार मोलाचे वाटते. विस्कॉन्सिनच्या कडक हिवाळ्यात लसूणघास तग धरणार नाही असा सर्वसाधारण समज होता. होर्ड यांनी स्वतःच्या जमिनीवर वर्षानुवर्षे तो लावून पाहिला, कधी कापावा आणि हिवाळ्याआधी किती वाढ राखावी याचे निष्कर्ष छापले आणि दुभत्या जनावरासाठी प्रथिनांची वैरण शेतातच पिकवता येते हे दाखवून दिले. द्विदल पीक असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात. गव्हाने ओरबाडलेल्या मातीला यापेक्षा चांगले औषध नव्हते. जोडीला मुरघासाचा, म्हणजे हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, प्रसार झाला आणि हिवाळ्यात गाई भाकड ठेवण्याची रीत मागे पडली. १८९९ च्या सुमारास फोर्ट ॲटकिन्सनजवळ घेतलेल्या शेतावर त्यांनी ग्वर्न्सी गाई ठेवल्या. वर्तमानपत्रात जे छापायचे ते आधी आपल्या गोठ्यात करून पाहायचे, हा त्या शेताचा उद्देश. क्षयाच्या ट्युबरक्युलिन चाचणीचा आग्रहही त्यांनी धरला, जो अनेक शेतकऱ्यांना रुचला नाही, कारण रोगी ठरलेली गाय काढून टाकावी लागे.

श्रेयाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. १८९९ पर्यंत विस्कॉन्सिनमधील नव्वद टक्क्यांहून अधिक शेतांवर दुभत्या गाई होत्या आणि १९१५ पर्यंत लोणी व चीज यांच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिले झाले. गहू कोसळणे, जर्मन, स्विस व नॉर्वेजियन कुटुंबांची कष्टाळू शेती, कृषी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम हेन्री आणि बॅबकॉक यांच्यासारखी माणसे, १८८५ मध्ये विधिमंडळाने पाच हजार डॉलर देऊन सुरू केलेली फिरती शेतकरी शिबिरे आणि १८९० मध्ये मॅडिसनला निघालेली दुग्धव्यवसाय शिकवणारी देशातली पहिली शाळा, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. होर्ड यांचा वाटा हा की प्रयोगशाळेतले ज्ञान शेतकऱ्याच्या भाषेत, पैशांच्या हिशेबात उतरवून त्यांनी ते जवळजवळ पन्नास वर्षे सतत पोहोचवले. १९०७ ते १९११ या काळात ते विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होते व त्याचे अध्यक्षही झाले. २२ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२२ मध्ये मॅडिसनच्या कृषी महाविद्यालयासमोर गटझन बोर्गलम यांनी घडवलेला त्यांचा पुतळा उभा राहिला.

ज्यांना अधिक वाचायचे आहे त्यांनी चरित्रापेक्षा आधी विस्कॉन्सिन दूध उत्पादक संघाचे जुने वार्षिक अहवाल काढावेत. त्यांत होर्ड यांची भाषणे आहेतच, पण त्याहून महत्त्वाची आहे ती भाषणानंतरची प्रश्नोत्तरे : कोणी शेतकरी उठून चाऱ्याचा खर्च विचारतो, कोणी दुहेरी उपयोगाच्या गाईची बाजू घेतो, आणि होर्ड त्याला उलट विचारतात की तुझ्या गाईने गेल्या वर्षी किती लोणी दिले.